रनिंग किती?

छोट्या मोटारीसाठी पेट्रोलचे इंजिन घ्यावे की डिझेलचे, हा प्रश्न महाराष्ट्रात गेली पंचवीस-तीस वर्षे ज्या शब्दांत विचारला जात आहे, त्या शब्दांत इंजिनाचा उल्लेखच नसतो. शोरूममधला विक्रेता, कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मेकॅनिक आणि घरातले जाणकार समजले जाणारे मामा किंवा भाऊजी, असे तिघेही ग्राहकाला एकच गोष्ट विचारतात : ‘रनिंग किती?’ गाडी महिन्याला किती किलोमीटर धावणार, एवढाच या प्रश्नाचा अर्थ. आणि उत्तर हजार-बाराशेच्या खाली असेल तर पेट्रोल, दीड-दोन हजारांच्या वर असेल तर डिझेल, हा निवाडा इतका रुळलेला आहे की त्यामागचे गणित पुन्हा मांडून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. हे गणित ज्या आकड्यांवर उभे होते, ते आकडे मात्र २०१० ते २०२० या दहा वर्षांत एकामागून एक बदलले. काही सरकारने बदलले, काही प्रदूषणाच्या नियमांनी, तर काही पैशाच्या घसरत्या मोलाने. आणि या बदलांनंतर आता, गाडी किती किलोमीटर धावते यापेक्षा ते किलोमीटर कोणत्या प्रकारचे आहेत, हे विचारणे अधिक गरजेचे झाले आहे.

ठिणगी आणि दाब

दोन्ही इंजिनांमध्ये सिलिंडर, दट्ट्या आणि क्रँकशाफ्ट सारखेच असतात. फरक आहे तो इंधन पेटवण्याच्या रीतीत. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण साधारणपणे दहा ते बारा पटींनी दाबले जाते आणि नेमक्या क्षणी स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा आत येते. ती पंधरा-सोळापासून वीस-बावीस पटींपर्यंत दाबली जाऊन पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते ठिणगीवाचून आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालवून दाखवलेले इंजिन याच तत्त्वावर चालत होते आणि इंधनातल्या ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्सा कामाला लावत होते. त्या काळातल्या वाफेच्या इंजिनांना हा हिस्सा गाठणे शक्यच नव्हते.

ज्याला मराठी मोटारचालक ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो, त्या इंधनबचतीची मुळे याच रचनेत आहेत. हवा जितकी अधिक दाबली जाते, तितके ज्वलनातून अधिक काम मिळते, हे पहिले कारण. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा असते, हे दुसरे. आणि इंधन वजनावर न विकता मापावर विकले जात असल्यामुळे हा फायदा थेट ग्राहकाच्या पदरात पडतो. तिसरे कारण कमी बोलले जाते, पण शहरात तेच सर्वांत महत्त्वाचे ठरते. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची म्हणजे त्याच्या श्वासनलिकेतली थ्रॉटल नावाची झडप मिटून हवा अडवायची, आणि त्या मिटलेल्या झडपेतून हवा ओढून घेण्यातच इंजिनाची काही शक्ती वाया जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येऊ दिली जाते आणि ताकदीचे नियंत्रण फक्त फवाऱ्याच्या मात्रेने होते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत रखडणाऱ्या गाडीत पेट्रोलचे अ‍ॅव्हरेज झपाट्याने घसरते आणि डिझेलचे त्या मानाने टिकून राहते, ते यामुळे.

या दाबाची किंमतही असते. इतका ताण सोसायचा म्हणजे इंजिनाचा ठोकळा, क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग जाडजूड हवीत. फवारा हजार-दीड हजार बार दाबाने मारायचा म्हणजे पंप आणि इंजेक्टर अत्यंत नेमक्या मापाचे हवेत. आणि गाडीला चपळता द्यायची म्हणजे धुराच्या झोताने फिरणारा व अधिक हवा कोंबणारा टर्बोचार्जर हवा. हा सगळा खर्च मोठ्या गाडीच्या किमतीत सहज मुरतो. छोट्या गाडीत तो मुरत नाही, आणि छोट्या डिझेल मोटारीच्या पुढच्या सगळ्या कहाणीचे बीज या एका गोष्टीत आहे.

विहिरीवरून रस्त्यावर

मोटारीत येण्याच्या कितीतरी आधी डिझेल महाराष्ट्राच्या शेतात पोचले होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली, आणि पुढची कित्येक दशके, वीज न पोचलेल्या किंवा पोचूनही न टिकणाऱ्या गावांत, विहिरीच्या काठावर धडधडणारे यंत्र म्हणजेच ‘इंजिन’ असा त्या शब्दाचा अर्थ राहिला. ते हँडल मारून सुरू करायचे, नोझल काढून साफ करायचे, डिझेलच्या नळीत हवा शिरली तर ती कशी बाहेर काढायची, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असे. डिझेल म्हणजे दणकट, गावात दुरुस्त होणारे आणि कमी पिणारे, ही ख्याती या ऑइल इंजिनाने, ट्रॅक्टरने आणि एसटीच्या लाल गाडीने मिळवून ठेवलेली होती. डिझेल मोटारीला ती आयती मिळाली.

अ‍ॅम्बॅसेडरमध्ये डिझेल इंजिन १९८० च्या सुमारास आले, नंतर पद्मिनीतही आले, आणि १९९८ मध्ये मारुतीने झेन या चिमुकल्या गाडीत प्यूजो कंपनीचे १,५२७ सीसीचे इंजिन बसवले. या सर्व गाड्यांची जागा मात्र इतिहासाच्या तळटीपेत आहे, कारण छोट्या डिझेल मोटारीचा खरा प्रसार पिंपरी-चिंचवडच्या एका गाडीने केला. टाटा इंडिका ३० डिसेंबर १९९८ रोजी बाजारात आली. तिच्यातले १,४०५ सीसीचे डिझेल इंजिन गोंगाट करणारे, थरथरणारे आणि चढाला दम लागणारे होते, सुरुवातीच्या गाड्यांत दोषही बरेच होते, आणि सुधारलेली ‘व्ही टू’ आवृत्ती येईपर्यंत ग्राहकांनी ते सोसले; परंतु पाच माणसे व त्यांचे सामान घेऊन ती कमी खर्चात धावत असे. घरगुती गाडी म्हणून जन्मलेली इंडिका पाहता पाहता टुरिस्ट टॅक्सी झाली, विमानतळावर आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या कॉल सेंटरांच्या दारात पांढऱ्या रंगात उभी राहू लागली, आणि ‘डिझेल म्हणजे रनिंगवाल्यांचे’ हे समीकरण तिने पक्के केले.

मध्यमवर्गीय गृहस्थाला, ज्याचा टॅक्सीशी काही संबंध नव्हता अशाला, डिझेलकडे वळवले ते इटलीतून आलेल्या दुसऱ्या एका इंजिनाने. फियाटचे १,२४८ सीसीचे ‘मल्टिजेट’ हे कॉमन रेल पद्धतीचे इंजिन होते. कॉमन रेल म्हणजे चारही इंजेक्टरांना इंधन पुरवणारी सामाईक नळी. तिच्यात डिझेल सतत प्रचंड दाबाखाली साठवलेले असते, आणि प्रत्येक इंजेक्टर कधी व किती वेळ उघडायचा हे संगणक ठरवतो. जुन्या डिझेलमध्ये एकदम पडणारा फवारा इथे एका फेरीत अनेक तुकड्यांत पडतो. आधी चिमूटभर, मग मुख्य मात्रा, अशा क्रमाने ज्वलन सौम्य झाल्यामुळे खडखडाट बराच कमी झाला. सुझुकीने परवाना घेऊन हे इंजिन मानेसर येथे बनवले आणि २००७ च्या जानेवारीत स्विफ्टमध्ये बसवले. फियाटने ते पुण्याजवळ रांजणगावला बनवले, आणि तेथून ते टाटांच्या गाड्यांतही गेले. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा, पुढे ब्रेझा अशा एकमेकींच्या स्पर्धक गाड्यांच्या पोटात एकच इंजिन असल्यामुळे मोटार पत्रकारांनी त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हटले, आणि गंमत म्हणूनही ते नाव चुकीचे नव्हते.

करांच्या रचनेने या प्रवाहाला ढाळ दिला. चार मीटरपेक्षा कमी लांबीची, आणि पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी ‘छोटी’ मानून तिच्यावर कमी उत्पादन शुल्क लावण्याचे सूत्र २००६ च्या अर्थसंकल्पापासून आले आणि आजच्या वस्तू व सेवा करातही ते टिकून आहे. मल्टिजेट या चौकटीत आरामात बसत होते. चौकट कंपन्यांनी इतकी मनावर घेतली की २०१२ मध्ये डिझायरची डिकी कापल्यासारखी आखूड झाली. त्या गाडीच्या पाठीमागचे ते तोकडेपण हे सौंदर्यदृष्टीचे अपत्य नसून अर्थखात्याचे आहे.

पंपावरचा भाव

डिझेल स्वस्त का होते, याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही. एका पिंप कच्च्या तेलातून दोन्ही इंधने निघतात आणि जागतिक बाजारात डिझेलचा भाव बऱ्याचदा पेट्रोलच्या बरोबरीने किंवा त्याहून वर असतो. भारतात डिझेल स्वस्त राहिले ते मालट्रक, एसटी आणि शेतीचा पंप यांच्यावर भार पडू नये म्हणून सरकारने ठेवले म्हणून. केंद्राने २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव बाजाराच्या हाती सोडले आणि डिझेलचे मात्र स्वतःच्या हाती ठेवले. परिणामी २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे असा बत्तीस रुपयांचा विलक्षण फरक पडला. शेतकऱ्यासाठी राखलेल्या सवलतीच्या टाकीला शहरी मोटारमालकाने आपली नळी लावली, आणि हे अपेक्षितच होते. किरीट पारिख समितीने २०१० च्या अहवालातच डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचा जादा कर सुचवला होता. ती सूचना कागदावर राहिली, आणि २०१२-१३ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींत डिझेलचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला.

भावातल्या कृत्रिम दरीने काळा धंदाही पोसला, आणि त्याचा संबंध इंजिनाच्या आयुष्याशी होता. रेशनचे रॉकेल डिझेलहूनही स्वस्त असल्यामुळे ते डिझेलमध्ये मिसळले जाई. रॉकेलला वंगणपणा कमी असल्याने डिझेलच्याच वंगणावर चालणारा उच्चदाबाचा पंप आतून खरवडला जाई. मनमाडजवळ पानेवाडी येथे २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी भरदिवसा जाळून मारले, तेव्हा या धंद्याची मजल कोठवर गेली आहे हे साऱ्या राज्याने पाहिले.

दरी बुजवण्याचे काम २०१३ च्या जानेवारीपासून हप्त्याहप्त्याने, महिन्याला लिटरमागे सुमारे पन्नास पैशांच्या वाढीने सुरू झाले आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलही बाजाराच्या हवाली झाले. आता थोडे गणित मांडून पाहणे इष्ट आहे, कारण ते वाटते तितके सरळ उत्तर देत नाही. शहरात पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर जाते असे धरले, तर २०१२ च्या दिल्लीतल्या भावाने पेट्रोलचा खर्च किलोमीटरमागे ४ रुपये ८८ पैसे आणि डिझेलचा २ रुपये ५ पैसे येतो. बचत २ रुपये ८३ पैशांची. आज महाराष्ट्रात पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरले, तर खर्च अनुक्रमे ६ रुपये ९३ पैसे आणि ४ रुपये ५० पैसे. बचत २ रुपये ४३ पैशांची. दरी बत्तीस रुपयांवरून चौदावर आली, तरी किलोमीटरमागची बचत फक्त चाळीस पैशांनी उतरली. मग ग्राहक का पळाला?

पहिले कारण असे की २०१२ मधल्या पावणेतीन रुपयांना आजच्या अडीच रुपयांपेक्षा पुष्कळ अधिक मोल होते. तेव्हा पेट्रोलवर धावणे डिझेलच्या सव्वादोन पटींहून महाग होते, आज ते दीडपट आहे. मनाला जाणवते ते हे गुणोत्तर. दुसरे कारण गाडीच्या किमतीत आहे. साडेआठ लाखांच्या पेट्रोल गाडीची डिझेल आवृत्ती सव्वा लाखाने महाग आहे असे मानले, तर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के आणि डिझेलवर १३ टक्के एकरकमी वाहनकर असल्यामुळे त्यात आणखी तेहतीस हजारांची भर पडते. एकूण १ लाख ५८ हजारांचा हा जादा खर्च शहरी बचतीतून वसूल व्हायला ६५ हजार किलोमीटर लागतात. रोज तीस किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस, अशा नोकरदाराला त्यासाठी सात वर्षे थांबावे लागते, आणि कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही.

खरी मेख पुढे आहे. तीच गाडी महामार्गावर एका वेगाने चालली, तर पेट्रोलची झडप बऱ्यापैकी उघडी राहते आणि तिचे अ‍ॅव्हरेज १९ पर्यंत चढते. डिझेल २४ देते. खर्च ५ रुपये ४७ पैसे विरुद्ध ३ रुपये ७५ पैसे, म्हणजे बचत पावणेदोन रुपयांहूनही किंचित कमी. किलोमीटरमागे डिझेल सर्वाधिक वाचवते ते शहराच्या गर्दीत. आणि आजचे डिझेल इंजिन सर्वाधिक आजारी पडते तेही नेमके तेथेच.

जाळीत अडकलेली काजळी

देशाने १ एप्रिल २०२० रोजी वाहनांच्या धुराच्या नियमांत भारत स्टेज चारवरून, पाचवी पायरी गाळून, थेट भारत स्टेज सहावर उडी घेतली. इंधनातले गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे पाव ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडण्याची मुभा होती, ती ०.०८ ग्रॅमवर आली, आणि काजळीची मर्यादा ०.०२५ वरून ०.००४५ ग्रॅम, म्हणजे पाचव्या हिश्शाहून खाली. पेट्रोल गाडीला हे बदल तुलनेने सोपे गेले. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन नेमक्या प्रमाणात, सुमारे १४.७ भागास एक असे, जळत असल्याने धुरात प्राणवायू उरत नाही आणि तिन्ही प्रमुख प्रदूषकांचा निकाल एकाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये लागतो. डिझेल मात्र भरपूर हवेत जळते. धुरात प्राणवायू शिल्लक राहतो, आणि त्याच्या उपस्थितीत नायट्रोजन ऑक्साइड फोडण्याची ती सोपी युक्ती चालत नाही. शिवाय ज्वलन गरम ठेवले तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतो आणि थंड ठेवले तर काजळी वाढते. एक दाबले की दुसरे वर येते. म्हणून दोघांसाठी वेगवेगळी उपकरणे बसवावी लागतात : नायट्रोजन ऑक्साइडसाठी त्याला धरून ठेवणारा सापळा किंवा युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा, आणि काजळीसाठी डीपीएफ नावाची गाळणी.

ही उपकरणे किती आवश्यक होती, याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले होते, आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवागेनने चाचणीच्या वेळेपुरता धूर स्वच्छ दाखवणारी आज्ञावली गाड्यांत बसवल्याचे अमेरिकेत उघड झाल्यावर ‘स्वच्छ डिझेल’ या शब्दावरचा विश्वासच उडाला. प्रश्न खर्चाचा होता. गाडी लहान असली म्हणून गाळणीची, सेन्सरांची आणि त्यांना चालवणाऱ्या संगणकाची किंमत त्या प्रमाणात लहान होत नाही. पंचवीस लाखांच्या गाडीत लपून जाणारा खर्च सात लाखांच्या गाडीत डोंगराएवढा होतो. मारुतीने २०१५ मध्ये सेलेरिओत ७९३ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल बसवून लिटरला २७.६२ किलोमीटरचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज मिळवले होते. थरथर आणि किंमत यांच्यामुळे ती डिझेल आवृत्ती नियम येण्याआधीच बाद झाली, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये मारुतीने डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. मल्टिजेटचीही अखेर तेव्हाच झाली. डिझेल तळापासून वर असे नाहीसे होत गेले; आधी सर्वांत छोट्या गाड्या, मग मधल्या, आणि आज हॅचबॅक वर्गात टाटांच्या अल्ट्रोजखेरीज डिझेल उरलेले नाही. चार मीटरच्या आतल्या उंच गाड्यांत, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही थ्री एक्सओ यांत, ते अजून मिळते.

डीपीएफचे वर्तन समजून घेतल्याशिवाय आजची निवड करता येत नाही. ही चिनी मातीसारख्या पदार्थाची, बारीक छिद्रांच्या भिंती असलेली जाळी धुराच्या नळीत बसते आणि काजळी अडवते. काजळी साठत जाते; काही शे किलोमीटरनंतर संगणक जादा डिझेल सोडून धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि ती जाळून टाकतो. यासाठी गाडी काही मिनिटे सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. सदाशिव पेठेतून डेक्कनपर्यंत जाऊन थांबणाऱ्या गाडीत हे जाळणे अर्ध्यावर तुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते, आणि शेवटी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मग गाडी साताऱ्याच्या रस्त्याला काढून खेड-शिवापूरच्या पुढेपर्यंत एका दमात पळवून आणणे, हा उपाय सर्व्हिस सेंटरचे लोकच सांगतात. पैसे वाचवण्यासाठी घेतलेली गाडी, तिची नळी साफ राहावी म्हणून अधूनमधून विनाकारण फिरवून आणावी लागते, हा विनोद डिझेलमालकांना फारसा आवडत नाही.

काचेची खोली

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तशाच कोणत्याही औद्योगिक वस्तीत डिझेल पंप-नोझलची दुरुस्ती करणारी दुकाने असतात, आणि दोन काळांमधले अंतर तेथे एका छपराखाली दिसते. बाहेरच्या बाजूला हाताच्या दांड्याचा नोझल टेस्टर असतो : दांडा दाबायचा, काट्यावर दाब वाचायचा, आणि फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते हे डोळ्यांनी पाहायचे. ट्रॅक्टरची व जुन्या टेम्पोची नोझले अशीच तपासली जातात आणि सरावलेला मिस्त्री नुसत्या कुरकुरणाऱ्या आवाजावरून नोझल चांगले की गेलेले, हे सांगतो. आतल्या बाजूला काचेने बंद केलेली, धूळ शिरू नये म्हणून जपलेली खोली असते. कॉमन रेलच्या इंजेक्टरची छिद्रे माणसाच्या केसाच्या जाडीची असतात, त्यामुळे बोटाला चिकटलेला कचराही तेथे घातक ठरतो. इंजेक्टर संगणकाला जोडलेल्या बाकावर चढवला जातो, एका फवाऱ्यात किती घन मिलिमीटर डिझेल पडते हे मोजले जाते, आणि प्रत्येक इंजेक्टरचा स्वतंत्र सांकेतिक क्रमांक गाडीच्या संगणकात भरावा लागतो. त्याशिवाय गाडी धड चालत नाही.

गावात दुरुस्त होणारे इंजिन ही डिझेलची जुनी ख्याती या काचेच्या दारापाशी संपते. नाशिकमध्ये सातपूरचा कारखाना पिढ्यान्‌पिढ्या ही नोझले आणि इंजेक्टर बनवत आला. मायको हे कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, तरी शहरातला चौक अजून मायको सर्कलच आहे. वस्तू राज्यातच बनते, तरी ती बसवण्याचे कौशल्य व साधने तालुक्याच्या गॅरेजात नाहीत. पेट्रोल गाडीच्या मालकाला प्लग, फिल्टर आणि ऑइल यांपलीकडे फार काही पाहावे लागत नाही. डिझेलवाल्याला फिल्टरमध्ये साठलेले पाणी काढून टाकणे, लांबच्या प्रवासानंतर टर्बो निवावा म्हणून इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद करणे, आणि झाकणावर ‘फक्त डिझेल’ असे चिकटवूनही पंपावरच्या पोराकडे लक्ष ठेवणे भाग असते. चुकून पेट्रोल भरले गेले आणि इंजिन सुरू केले, तर वंगणावाचून पंपाची झीज होते, धातूचा कीस थेट इंजेक्टरपर्यंत जातो, आणि काचेच्या खोलीतले बिल पाच आकडी होते.

पेट्रोललाही आता स्वतःची अडचण आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, त्यातला काही वाटा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असल्याने गाडीचे अ‍ॅव्हरेज काहीसे उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या मोटारींसाठी सहा-सात टक्क्यांच्या घटीचा अंदाज दिलेला होता. उसाला भाव मिळावा म्हणून टाकीतून जाणारे हे काही थेंब गणितात धरले, तर डिझेलची बाजू किंचित सुधारते, पण निकाल फिरत नाही.

घाटाचे म्हणणे

गणिताबाहेरची एक गोष्ट मात्र डिझेलच्या बाजूने ठाम उभी आहे. स्विफ्टच्या १,१९७ सीसीच्या पेट्रोल इंजिनात ताकद जास्त होती, ८० अश्वशक्तींच्या वर. मल्टिजेटमध्ये ७५ च्या आसपास. पण चाकाला पिळणारा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो पेट्रोलमध्ये ११५ न्यूटन-मीटरच्या आतबाहेर आणि डिझेलमध्ये १९०, तोही दोन हजार फेऱ्यांवर. पाच माणसे, डिकीत तांदळाचे पोते आणि हापूसच्या पेट्या घेऊन आंबा घाट चढताना पेट्रोल गाडीला दुसऱ्या गिअरवर आणून इंजिन ओरडवावे लागते. डिझेल तिसऱ्यात, फारशी कुरकुर न करता ओढत राहते. मल्टिजेटचा दोष असा की दोन हजार फेऱ्यांच्या खाली टर्बो जागा होत नसे, आणि वळणावर गिअर चुकला की गाडी क्षणभर मेल्यासारखी होई. सरावलेले चालक तो क्षण ओळखून आधीच गिअर टाकत.

गणपतीला आणि मे महिन्यात असे वर्षातून दोनदा कोकणात जाण्यासाठी डिझेल घ्यावे, असे म्हणणारे बरेच असतात. त्या आठ-दहा दिवसांच्या सुखासाठी उरलेले साडेअकरा महिने सिग्नलवर काजळी साठवणे, हा व्यवहार वाईट आहे. डिझेल ज्याला शोभते तो माणूस वेगळा : लातूरहून संभाजीनगरकडे आठवड्यातून दोनदा जाणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटरचे समृद्धीचे अंतर नेहमी कापणारा कंत्राटदार, चिपळूण-कराड-सांगली अशा फेऱ्या मारणारा व्यापारी. महिन्याला अडीच हजार किलोमीटर, तेही लांब पल्ल्याचे, असे ज्याचे धावणे आहे त्याचे जादा पैसे महामार्गाच्या कमी बचतीतूनही साधारण तीन वर्षांत निघतात, आणि त्याची गाळणी कधी तुंबत नाही.

टॅक्सीवाला मात्र या यादीतून निघून गेला आहे. मुंबईत सीएनजीचा किलो ८० रुपयांच्या आसपास आणि एका किलोत पंचवीस किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सव्वातीन रुपये. डिझेलला हे शक्य नाही. पंपासमोरची रांग आणि डिकी खाणारी टाकी सोसून त्याने सीएनजी घेतली, आणि इंडिकाने डिझेलला जे गिऱ्हाईक मिळवून दिले होते ते परत गेले.

दुसऱ्या हाताचा बाजार

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई तूर्त नको असे म्हटले, पण मधल्या काळात तिकडच्या कितीतरी धडधाकट डिझेल गाड्या ना-हरकत पत्र घेऊन इतर राज्यांत उतरल्या. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांच्या मोकळ्या प्लॉटवर स्विफ्ट, डिझायर आणि रिट्झ अजून रांगेने उभ्या दिसतात. गाळणी नसलेले, कॉमन रेल असूनही तुलनेने सोपे, दहा-बारा वर्षांचे हे इंजिन ग्रामीण भागातल्या ग्राहकाला नव्या डिझेलपेक्षा अधिक भरवशाचे वाटते. त्याचा धूर कोणाच्या छातीत जातो हा प्रश्न या प्लॉटवर कोणी काढत नाही. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची प्रथा येथे नाही, कारण डिझेल गाडीचे मीटर मागे फिरवलेले असणार हे दोन्ही बाजूंना गृहीत असते. ‘रनिंग किती?’ हा प्रश्न येथेही विचारला जातो, पण उत्तराकडे कान देण्याऐवजी जाणकार गिऱ्हाईक मीटरशेजारचे स्टीअरिंग किती गुळगुळीत झाले आहे आणि क्लचच्या पॅडलचे रबर किती झिजले आहे ते पाहतो. झिजलेले इंजेक्टर आणि दमलेले ग्लो प्लग, म्हणजे थंड सिलिंडरला आधी ऊब देणाऱ्या तारा, पहाटेच्या पहिल्या सुरुवातीलाच उघडे पडतात. तेव्हाचा पांढरा धूर आणि अडखळणारा ठोका तापलेल्या इंजिनात ऐकू येत नाही. विकणारा म्हणूनच गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी दहा मिनिटे चालू ठेवतो, आणि म्हणूनच घेणारा दार उघडण्याआधी बॉनेटवर तळहात टेकवून पाहतो. पत्रा कोमट लागला, तर तो किंमत न विचारता उद्या सकाळी सातला येतो म्हणून सांगतो आणि निघून जातो.